रायबोसोमला नोटीस

"पप्पा, तुम्ही रायबोसोम आहात," दहावीतल्या वैभवीने जेवताना जाहीर केलं.

कैलासने हातातला घास खाली ठेवला. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं कंत्राटी ऑपरेटर म्हणून त्याने बरंच काही ऐकून घेतलं होतं. हे नवीन होतं.

वैभवीने समजावलं. डीएनए म्हणजे साहेबांच्या कपाटातलं मूळ रजिस्टर, ते कपाट सोडत नाही. आरएनए म्हणजे त्याची झेरॉक्स, ती खाली प्लांटमध्ये येते. रायबोसोम तिच्यातली तीन-तीन अक्षरं वाचतो, दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल जोडत जातो आणि प्रथिन तयार होतं. "फक्त वाचायचं आणि बनवायचं. डोकं चालवायचं नाही."

"मंग मी तो नाय. पिवळ्या रंगाच्या कागदावर एकशे ऐंशी डिग्री लिवलंय. टायपिंगची चूक हाय. मी पहिल्यापासून ऐंशीलाच करतो."

"म्हणजे तुमच्या कारखान्याच्या डीएनएत उत्परिवर्तन आहे!"

"कुठं बोलू नको गं बाई," आई वर्षाराणी म्हणाली. "एप्रिलात परमनंट करणारेत त्यांना."

बोलायचं नव्हतं, म्हणून वैभवी बोलली नाही. तिने ते विज्ञान प्रदर्शनाच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने लिहिलं. मॉडेलला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे होते कारखान्याचे मॅनेजर दर्पणसाहेब. त्यांनी पुठ्ठा दोनदा वाचला, मुलीचं तोंड भरून कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी बापाला नोटीस दिली : अकरा वर्षं लेखी सूचनांचं उल्लंघन.

"साहेब, पण माल बरोबर निघत होता ना?"

"प्रश्न मालाचा नाही. रजिस्टरवर तीन सह्या आहेत. त्यात तुझी आहे?"

"नाय."

"मग? जो लिखा है, वही करने का."

कैलासने तेच केलं. दुपारी पिवळ्या रंगाच्या जागी डांबर निघालं.

चौकशी समिती बसली. रजिस्टर तपासलं, तिन्ही सह्या जागेवर होत्या. झेरॉक्स तपासली, हुबेहूब होती. उरला कैलास. "अकरा वर्षं जमत होतं, आताच कसं बिघडलं?" समितीने विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता त्याला काढून टाकलं.

"पेशीसुद्धा बिघडलेला रायबोसोम तोडून टाकते, पप्पा," वैभवी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"आन रजिस्टर?"

"ते तसंच राहतं. पेशीच्या दोन पेशी झाल्या की त्याची नक्कल दुसरीत जाते."

दोन महिन्यांनी वाणगावला कंपनीचं दुसरं युनिट सुरू झालं. रजिस्टरची नक्कल दर्पणसाहेबांनी स्वतः नेली, लॅमिनेट करून. कंत्राटदाराला ऑपरेटर मिळेना, म्हणून त्याने कैलासलाच नवं कार्ड काढून तिथे पाठवलं. नोकरीचं वर्ष पहिलं.

झेरॉक्स हातात आली. एकशे ऐंशी. कैलासने आजूबाजूला पाहिलं आणि काटा ऐंशीवर आणला.

"नव्या जागी कसं काय, पप्पा?" जेवताना वैभवीने विचारलं.

कैलासने आधी तिच्या हातात स्केचपेन नाही ना, ते पाहिलं.

"सगळं कागदावर लिवल्यापरमानं," तो म्हणाला.