घोड्यावर बसता येते काय?

युद्धात विमाने कमी पडली तर बांधता येतात. अर्जातले रकाने कमी पडले तर मात्र राष्ट्र धोक्यात येते. म्हणूनच एकोणीसशे एकेचाळीस साली ब्रिटिश हवाईदलाच्या एका निवड मंडळाने पायलट ओळखण्याची कसोटी शोधून काढली: घोडेस्वारी. ज्याचा हात लगामावर हलका, त्याचा विमानावरही हलका. (विमान चारा खात नाही, ही बाब मंडळाने विचारात घेतली होती.)

सिरिल ऑलरेनशॉ हा ओल्डहॅम गावचा दूधवाला. अकरा वर्षे तो गाडीच्या मागच्या फळीवर, रस्त्याकडे पाठ करून बसे आणि दारोदार बाटल्या उतरवी. सगळी वाट डचेस घोडीला ठाऊक. लगाम नुसता लोंबत असे. आयुष्यात एकदा तरी पुढे बसावे, आपण नेऊ तिकडे काहीतरी जावे, एवढीच बिचाऱ्याची हौस.

"बघच तू, पायलट होऊन येतो," निघताना तो बायकोला म्हणाला.

"डचेसला विचारलंस का?" एनिड म्हणाली.

मंडळात तीन साहेब होते.

"घोड्याशी संबंध?"

"रोजचा, साहेब!"

"वा! लगाम कसा धरतोस?"

सिरिल खरे बोलला, तिथेच घात झाला. "धरतच नाही, साहेब. घोडी आपली आपण जाते. मी मागं तोंड करून बसतो."

तिघांचे चेहरे उजळले. विमानाच्या शेपटाशी मशीनगन घेऊन, मागे तोंड करून आठ-आठ तास बसणारा माणूस सहजी मिळत नाही.

"अकरा वर्षांचा अनुभव!" मोठे साहेब गहिवरले. "अरे, तू तर शिकूनच आलास की!"

प्रशिक्षण शास्त्रोक्त होते. समुद्रकाठच्या रस्त्यावर पाच आठवडे कवायत, बुटांना पॉलिश, सलामाचे तीन प्रकार. विमान दोनदा दाखवले, लांबून. (बसण्याचा धडा त्याला अनुभवामुळे माफ होता.)

पहिल्या सरावाच्या उड्डाणाला पायलट उत्तम घोडेस्वार मिळाला. तो वाट चुकला.

"साहेब, मघाचंच चर्च परत मागं गेलं," शेपटाकडून सिरिल म्हणाला.

"तू मागचं बघ. पुढचं मी बघतोय."

चर्च तिसऱ्यांदा गेले तेव्हा सिरिलला डचेसची फार आठवण झाली. शेवटी पेट्रोल संपत आल्यावर ते एका शलगमाच्या शेतात उतरले. अहवालात पायलटचा हात हलका असल्याची नोंद झाली.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त आज तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात, ती कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावर मिळाली, तेवढे आठवून पाहा. आणि काय मागे गेले ते स्वच्छ दिसत असून कुठे चाललो ते दिसत नसेल, तर काळजी नको. तुमचीही निवड शास्त्रोक्तच झालेली आहे.