तुणतुणे पुनरुज्जीवन समिती

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात, छप्पन्न साली, कुशाबाचं तुणतुणं लाठीखाली फुटलं. भांडं गेलं, काठी गेली. तार तेवढी शाबूत राहिली. कुशाबा भोईवाड्याच्या चाळीत राहायचा, दिवसा गिरणीत राबायचा आणि संध्याकाळी शाहीर रघुवीरच्या पथकात मागे उभा राहून ती एकच तार छेडायचा. त्याला दुसरं व्यसन नव्हतं.

"कुशा, वाद्य आण, जागा तुझीच हाय," रघुवीर म्हणाला. "पन लय दिवस नाय रे अडवून ठेवता येनार."

भायखळ्याच्या बाजारातून एक भांडं, एक काठी आणि हातभर चामडं आणलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बातमी गिरगावात पोचली, आणि गिरगावात समिती नेमल्याशिवाय काही मिटत नाही.

'तुणतुणे पुनरुज्जीवन समिती'च्या चिटणीस कमलताई चित्रे स्वतः चाळीत आल्या. कुशाबाच्या बायकोनं, रखमानं, शेजारून खुर्ची आणली, चहा ठेवला.

"आम्ही वर्गणी मागणार नाही," कमलताई म्हणाल्या. "ती भीक झाली. गायनवर्गांतल्या तंबोऱ्या-सतारींच्या तुटक्या तारा गोळा करायच्या, त्यांचे दागिने करायचे, विकायचे. त्यातून तुमचं वाद्य!"

"ताई, एवढं कशाला? बाजारात..."

"तुम्ही कलावंत आहात. बाजाराची भाषा तुम्हाला शोभत नाही."

 आपण कलावंत आहोत हे कुशाबाला त्या दिवशीच कळलं.

दागिने झपाट्यानं खपले. गिरगावपासून दादरपर्यंत बायकांच्या कानांत तारेच्या रिंगा आणि मनगटांत तारेच्या बांगड्या दिसू लागल्या. जिच्या अंगावर तार नाही तिच्या महाराष्ट्रप्रेमाबद्दल हळदीकुंकवात कुजबूज होऊ लागली. तेवढ्यात अध्यक्ष आनंदीबाईंनी हरकत घेतली.

"तुटकी तार सवाष्णीच्या अंगावर? गाताना मधेच तुटलेली वस्तू ती! अपशकुन नाही का?"

तीन दुपारच्या बैठकांनंतर ठराव झाला: यापुढे फक्त अखंड तारा वापराव्यात. अखंड तारा वाद्यांवरच असतात, म्हणून त्या वाद्यांवरून उतरवण्यात आल्या. कलेच्या साहाय्यार्थ गिरगावातले तंबोरे एकेक करून मुके झाले. षड्ज मनात धरून गा, असं मास्तर मुलींना सांगू लागले.

इकडे वाट बघून कंटाळलेल्या कुशाबानं तुपाच्या रिकाम्या डब्याला चामडं मढवलं, काठी ठोकली, जुनी तार चढवली आणि तो पथकात उभा राहिला. महिनाभर सुखानं वाजवलं. मग समितीचं पत्र आलं:

"आपण वाजवीत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. ज्यास वाद्य आहे त्यास वाद्य देणे समितीच्या उद्दिष्टांशी विसंगत आहे. सबब, मदत मिळेपर्यंत आपण वाजवू नये."

"चुलीत घाला ती समिती," रखमा म्हणाली. "तुमी वाजवा."

तो वाजवणारही होता. पण मागोमाग कमलताई आल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "चाळीस बायका घराबाहेर पडल्यात हो तुमच्यामुळे. तुम्ही वाजवलंत तर त्यांनी काय करायचं?" कुशाबानं पाठीवर लाठी सोसली होती, पण आपल्या घरचा चहा प्यायलेली बाई रडते हे त्याला सोसेना. त्यानं डबा माळ्यावर टाकला. रघुवीरनं दोन महिने वाट पाहिली आणि पेटीवाला घेतला. त्या दिवशी कुशाबा जेवला नाही.

बघता बघता साठ साल उजाडलं. महाराष्ट्र मिळायचं ठरलं, तुणतुणं मिळायचं राहिलं. आता गिऱ्हाइकं विचारू लागली, ही तार चळवळीत वाजलेली आहे का? गायनवर्गांतली कुठलीच वाजली नव्हती. साऱ्या मुंबईत समितीला ठाऊक असलेली तशी तार एकच होती.

"तिचा हार करणार आहोत," कमलताई पुन्हा चाळीत येऊन म्हणाल्या. "तुमच्या तुणतुण्यासाठीच."

"मंग तुणतुण्याला ताई, तार?"

"तो प्रश्न पुढच्या बैठकीत घेऊ."

कुशाबानं माळ्यावरचा डबा काढला, खुंटी सैल केली आणि तार स्वतःच्या हातानं उतरवली.  रखमा दाराकडे तोंड करून उभी राहिली, तिनं चहा ठेवला नाही.

एक मेच्या आनंदसोहळ्याला दादरचं सभागृह गच्च भरलं. आनंदीबाईंच्या गळ्यात हार होता. कुशाबाला मंचावर मधोमध बसवलं, मांडीवर तो डबा दिला आणि कमलताईंनी जाहीर केलं, "आता कुशाबा आपली कला सादर करतील!"

कुशाबानं इकडे-तिकडे पाहिलं. एवढी माणसं आशेनं बघत होती. त्यांना नाही कसं म्हणायचं? त्यानं काठी धरली आणि तार असायची तिथं पाच मिनिटं बोट हलवलं. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ताई, काय वाजलंच नाय," खाली उतरून तो कळवळून म्हणाला.

"हाच तुमचा विनय!" कमलताई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या सहा कार्यक्रमांच्या तारखा त्याच्या हातात ठेवल्या.

त्या गर्दीत तार कुठे आहे म्हणून विचारायला एक माणूस उठला नाही. तुम्हीही होतात की तिसऱ्या रांगेत. डोळे मिटून मान डोलवत होतात, आणि शेजारी कोणी खाकरलं तेव्हा 'शूऽऽ' म्हणालात.