संदर्भसूचीत श्रींची दाटी जाहली त्याची हकीकत

आधी ग्रंथदेवतेस वंदन, मग विद्यापीठाच्या सर्व्हरास दंडवत, कारण उभयतां प्रसन्न नसतां कार्य सिद्धीस जात नाही. सांप्रत गाझियाबादेत, चौदाव्या मजल्याच्या गडावर, जी धामधूम जाहली ती घडली तशी लिहितो. पदरचे मीठ थोडेच घातले आहे.

राजश्री दिनकरराव, केंद्र सरकारच्या चाकरीतून निवृत्त, यांची कन्या चिरंजीव तनया मराठीच्या एम.ए.चा प्रबंध सिद्ध करीत होती. विषय पहाडगंजच्या मराठी वस्तीचा. त्याच सायंकाळी पाचास पोर्टल बंद होणार, आणि मार्गदर्शक कुसुमावतीबाईंची मंजुरी न आली तर वर्ष बुडाले, ऐसा बाका प्रसंग. कन्या उपसंहाराच्या मोर्च्यावर गुंतलेली आणि संदर्भसूचीची बाजू उघडी. मग राव खासा कुमकेस धावले. संगणकात संदर्भांचे एक ॲप होते. पहिल्या खान्यात आडनाव, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात साल भरावे आणि कळ दाबावी, की ते सूची वर्णानुक्रमे लावी आणि प्रबंधात जागोजागी हवालेही घाली. परंतु रावांनी जन्मभर सरकारी पत्रांत कोणाचे नाव बोडके लिहिले नव्हते. पहिला खाना मानाचा, ऐसे समजून त्यांनी तेथे थोरांस 'श्री.' लिहिले, बायांस 'सौ.' लिहिले, आणि उरले नाव दुसऱ्यात कोंबून मोठ्या समाधानाने कळ दाबिली.

मग काय पुसता! झाडून सारे पंडित एका श अक्षराखाली दाटले, आणि बाया स खाली. प्रबंधात श्री. यांचे मत श्री. खोडून काढू लागले, आणि उभयतांचा समाचार सौ. घेऊ लागल्या. कुसुमावतीबाईंचा खलिता ईमेलाने दाखल जाहला, की हे श्री. कोण, इतके ग्रंथ लिहून पुन्हा स्वतःशीच का भांडतात, खुलासा न आल्यास मंजुरी नाही.

कन्येने किंकाळी फोडिली, "बाबा, हे काय केलंत यार! सगळ्यांचं सरनेम श्री?" आणि तिच्या डोळां पाणी आले. रावांस वाईट वाटले, परंतु हट्ट सुटेना. थोरांच्या पगड्या आपल्या हाताने उतरणार नाही, म्हणून ठाण मांडिले.

तेव्हा सौभाग्यवती वासंतीबाईंचे स्वयंपाकघरातून फर्मान सुटले, की देवळात शिरताना थोरसुद्धा चपला बाहेर काढतात, त्याने मान जातो थोडाच? श्री आणि सौ. सूचीबाहेर ठेवावे, आणि लवकर ठेवावे, पोहे निवताहेत.

रावांनी ठाण सोडिले. मग बाई आडनावे वाचीत आणि कन्या बदल करी, आणि राव एकेक श्री. पुसला जाताना हात जोडून माफी मागत, तेणेकरून मोहीम रखडली. अखेर बाईंनी सर्व पंडितांची एकदाच सामुदायिक माफी मागावी, ऐसा हुकूम केला आणि काम सरसर चालिले. कळ दाबताच जो तो आपल्या अक्षरी जाऊन बसला. मंजुरी आली, पोर्टलाने प्रबंध गिळला, आणि त्यामागे पाचाचा ठोका पडला.

राहिले ऋणनिर्देशाचे पान. तेथे ॲपाचा अंमल नव्हता. कन्येने स्वहस्ते लिहिले होते, आई सौ. वासंती आणि बाबा श्री. दिनकर यांची मी ऋणी आहे. रावांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचिले, आणि हळूच पुसिले की 'द' आधी येतो, 'व' नंतर, तर हा क्रम कैसा? कन्येने जबाब दिला, "बाबा, इथे पराक्रमाप्रमाणे लावलंय." रावांनी ते बिनशर्त मान्य केले.

येणेप्रमाणे सूची फत्ते जाहली. पोहे निवाले, ते खर्ची लिहून ही हकीकत पुरी केली असे.