तुंदुक कुणाच्या नावावर?

मी साघिनबाय. नारिन प्रांतात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नाही, असं माझं मत आहे. कोचकोरमधल्या नमद्याच्या, म्हणजे दाबून लाटलेल्या लोकरीच्या, तंबूंच्या कारखान्यात मी चौकीदार म्हणून बसतो, पण ते वरवरचं. मुळात मी गुप्तहेर. बायको होती तोवर माझा प्रत्येक निष्कर्ष ती चहा ओतता ओतता खोडून काढायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझा एकही निष्कर्ष चुकलेला नाही.

प्रकरण असं. मालक उलारबेक. त्याची बायको कानिशाय हिनं सगळी कामं संगणकावर आणली. कुठलं काम, कुणाचं, आधी कुठलं, नंतर कुठलं, सगळं एका फळ्यावर. आणि ज्याचं त्याला फोनवर. सहा तंबूंची मागणी होती, गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी येणार. भिंतींच्या जाळ्या झाल्या, दांडे झाले, नमदे झाले. तुंदुक एकही नाही. तुंदुक म्हणजे तंबूच्या माथ्यावरचं लाकडी चक्र. त्याशिवाय तंबू म्हणजे काठ्यांची मोळी.

उलारबेक म्हणाला, संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर संगणक विकतो, वही काढतो, आणि कानिशायनं घरी चूल सांभाळावी.  तिचा चेहरा बघून मी प्रकरण हाती घेतलं.

तुंदुकाचं काम फळ्यावर होतं, पण तळाशी, बिननावाचं. ज्या कामाला नाव नाही ते आपोआप तळाला जातं, आणि तिथवर कुणी बघत नाही. म्हणजे नाव कुणीतरी पुसत होतं.

पहिला संशय नमदे लाटणाऱ्या बायकांवर. त्यांची कामं कायम सगळ्यात वर. त्या म्हणाल्या, काका, आम्हाला खाली ढकला, उपकार होतील. दुसरा संशय शेजारच्या गावातल्या कारखान्यावर. कळफलकात पांढरा केस सापडला. हेर वयस्कर, काळजीनं पोखरलेला. दुपारी कळलं, केस मेंढीचा.

तिसरा संशय तुंदुक करणाऱ्या शाबदानवरच. हे उलारबेकचे वडील. वाळत घातलेल्या नमद्यावर झोपले होते. मी उठवून खडसावलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "फोन वाजला असता तर उठलो असतो."

सराईत गुन्हेगार असंच बोलतो. मी त्यांना उलारबेकसमोर उभं केलं आणि निकालासाठी घसा साफ केला. तेवढ्यात उलारबेकची आई, बात्मा, चहा घेऊन आली. काय चाललंय ते तिनं ऐकलं, फळा पाहिला, मग खाली मान घातलेल्या सुनेकडे पाहिलं.

"अरे गाढवांनो," ती म्हणाली, "सासरे आहेत ते तिचे. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, तर लिहील कशी?"

उलारबेकनं बायकोला विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"सगळ्यांची नावं आहेत, एकाचंच नाही," कानिशाय म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, एवढं तरी कुणी ओळखेल."

बात्मानं एका बोटानं नवऱ्याचं नाव टाकलं. त्यांचा फोन वाजला. पंधरा दिवसांत सहाही तुंदुक झाले, कानिशाय संगणकापुढच्या खुर्चीवर राहिली.

बात्माला मात्र त्या फळ्याची गोडी लागली. छप्पर, कोठाराचं दार, तिच्या बहिणीकडची चूल, चाळीस वर्षं राहिलेली कामं एकेक करून शाबदानच्या नावावर चढू लागली. सगळी सर्वांत आधी करायची. संगणक विकायचं नाव निघालं की ती म्हणते, आधी मला विका.

परवा शाबदान घाम पुसत माझ्याकडे आले. ही कामं घालतंय तरी कोण, शोधून काढ म्हणाले.

मी सांगितलं, तपास चालू आहे.