ऑर्विलने झेललेला गुच्छ

गेल्या शनिवारी बासष्ट वर्षांच्या ऑर्विल टटलने, लग्नाला अडतीस वर्षं झालेली असताना, सहा करवल्यांना कोपराने बाजूला सारून नवरीने फेकलेला गुच्छ झेलला. परंतु असं काही घडलंच नाही, असं त्याच्या बायकोने, नेटीने, ठरवलं आहे. तेव्हा आपणही ते ऐकलं नाही असं समजू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी ऑर्विल मागच्या ओट्यावर आला आणि थिजला. बादल्या होत्या, पाणी होतं, वेली नव्हत्या.

"नेटी! माझ्या रानवेली कुठायत?"

"तो पाला? चर्चमध्ये. तुझ्या पुतणीला, ब्रिआनाला, आज लग्नात रानटी थाट हवा होता."

"अगं, त्याच्यावर माझे किडे होते!"

"शी! आधी सांगायचं ना."

सेनेका तळ्याकाठचे सगळे बागायतदार द्राक्षांवरच्या भुरीला, म्हणजे पांढऱ्या बुरशीला, गंधक मारतात. ऑर्विलने तीन वर्षं हट्टाने मारलं नव्हतं. ओढ्याकाठच्या रानद्राक्षाच्या पानांवर टाचणीच्या टोकाहून लहान किडे राहतात आणि भुरी खाऊन जगतात. रानवेलीचे तुकडे बागेतल्या वेलींना बांधले, की ते तिकडे चरायला जातात. गेले होतेही; पण शेजाऱ्याचं गंधक वाऱ्यावर आलं आणि सगळे मेले. आता द्राक्षं घेणाऱ्या वायनरीची तपासनीस मिस हॉलबर्ग सोमवारी भिंग घेऊन येणार होती. आठव्या ओळीत चाळीस किडे दिसले तर ठीक, नाहीतर सगळ्या बागेवर गंधक, आणि तीन वर्षं मातीत. ओढ्याकाठची उरलेली रानवेल रस्तेवाल्यांनी गुरुवारीच साफ केली होती.

ऑर्विल चर्चमध्ये धापा टाकत पोचला, तेव्हा पाद्रीबाई कमानीवर शेवटचा हात फिरवत होत्या. हातात डबा होता.

"पानं कशी चकाकतायत बघ! केसांचा फवारा मारलाय."

"सगळ्यांवर?"

"नवरीचा गुच्छ आणि डोक्यावरचा मुकुट सोडून. तिला त्या वासाने शिंका येतात."

लग्न लागेपर्यंत ऑर्विल नवरीकडे इतक्या आशेने बघत होता, की नवरदेवाने दोनदा मागे वळून पाहिलं. जेवणाच्या वेळी त्याने तिला गाठलं.

"पोरी, तो गुच्छ मला देशील?"

"ऑर्विलकाका, तो फेकायचा असतो! झेलेल तिचं लग्न पुढचं. जिच्या नशिबात असेल तिला मिळेल."

म्हणून ऑर्विल करवल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"परत ये!" नेटी दात आवळून म्हणाली. "तुझं लग्न झालंय!"

"पाच मिनिटं विसर."

गुच्छ उडाला, पंख्याला घासला आणि सहाव्या करवलीच्या हातात अलगद उतरला. ऑर्विलने तो तिथून ओढला. पुढे काय झालं ते घडलेलं नाही. फक्त त्या करवलीच्या मुठीत अर्धी निळी रिबीन उरली, आणि तिचा चेहरा पाहून ऑर्विलच्या लक्षात आलं, की ही मिस हॉलबर्ग.

सोमवारी मिस हॉलबर्ग आठव्या ओळीत वाकली. तिथे गुच्छातला पाला उरलेल्या निळ्या रिबिनीने वेलीला बांधलेला होता.

"ही रिबीन मी कुठेतरी पाहिलीय."

"असेल."

ती मोजू लागली. फुंकरीने किडे उडतील म्हणून ऑर्विलने श्वास रोखून धरला. ओठ निळे झाले.

"एकोणचाळीस."

"बाई, पुन्हा मोजा ना."

"तीनदा मोजले. हात धड असता तर चौथ्यांदाही मोजले असते, पण शनिवारपासून मनगट दुखतंय." तिने भिंग मिटलं. "चाळिसावा दाखवायला बुधवारपर्यंत मुदत देते."

ऑर्विलने त्याच दुपारी पत्र लिहिलं. नेटीने त्यावर लावायला पोस्टाचं तिकीट द्यायला नकार दिला.

"प्रति, सौ. ब्रिआना, मुक्काम नायगरा. विषय: मुकुटातील किडा परत मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त किडा आपल्या डोक्यात असण्याची दाट शक्यता आहे. तरी आपण मधुचंद्र स्थगित करून त्वरित आठव्या ओळीत हजर व्हावे. तोवर केस धुऊ वा विंचरू नयेत, आणि आपल्या यजमानांनी त्या भागापासून दूर राहावे, ही नम्र विनंती."