मोरछाप कलेक्टर

मोताळ्याच्या पंचायत समितीतले वरिष्ठ लिपिक उत्तमराव यांना चहा आवडत नसे. चहानं पित्त खवळतं, झोप उडते आणि माणूस कामाला लागतो, असे त्यांचे आक्षेप होते. त्यातला शेवटचा त्यांना विशेष जाचक वाटे. असं असूनही नवं राज्य झाल्यानंतरच्या त्या दिवसांत तालुक्यात सगळ्यात जास्त चहा त्यांच्याच घरी येत होता. याला कारण मोरछाप चहाची कंपनी.

या कंपनीनं चहाच्या पुड्यात चित्रं घालायला सुरुवात केली होती. देवादिकांची चित्रं बिडीवाल्यांनी आणि कापडवाल्यांनी आधीच वापरून टाकलेली, म्हणून हिनं राज्यकारभार निवडला. पुडा फोडला की पत्त्याएवढ्या जाड कागदावर कुणीतरी सरकारी माणूस निघे. पट्टेवाला, तलाठी, ग्रामसेवक, नायब तहसीलदार. सगळे रंगीत आणि सगळे हसतमुख. चित्रकारानं आयुष्यात कचेरीची पायरी चढली नव्हती, हे उघड होतं.

चित्रांचा खेळही होता. जवळच्या ढिगातून दहा चित्रं निवडायची, त्याला दप्तर म्हणायचं. दोघांनी एकेक चित्र उपडं ठेवायचं आणि एकाच वेळी उलटायचं. वरचा अधिकारी खालच्याला खाई. फक्त पट्टेवाला निघाला तर मोठमोठे साहेबही आल्या पावली परत जात, कारण दार त्याच्या ताब्यात. कलेक्टरला मात्र कुणीच खाऊ शकत नसे. हा खेळ लहान मुलांसाठी आहे, असं पुड्यावर स्पष्ट छापलेलं होतं. ते वाचूनच कचेरीतल्या मंडळींनी आपापल्या घरच्या मुलांकडून चित्रं काढून घेतली.

कचेरीत आल्यावर खेळाला शिस्त लागली. चित्रांच्या अदलाबदलीला बदली म्हणू लागले. राजीखुशीनं झाली तर विनंती बदली, खेळात गमावली तर प्रशासकीय बदली. कोपरा फाटलेलं चित्र निलंबित होई आणि चौकशी पुरी होईपर्यंत त्याला दप्तरात घेता येत नसे. या नियमांचा मसुदा उत्तमरावांनी स्वतः केला. समिती स्थापन झाल्यापासून मुदतीत पार पडलेलं ते पहिलं काम होतं.

एकदा खुद्द गटविकास अधिकाऱ्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या चित्राचा भाव काय चालला आहे?"

लेखापाल हिंमतराव खाली मान घालून म्हणाले, "साहेब, एका तलाठ्याले दोन."

कंपनीनं ते चित्र भरमसाट छापलं होतं, त्याला हिंमतराव काय करणार! पण लगेच परिपत्रक निघालं की, गटविकास अधिकारी चार तलाठ्यांपेक्षा कमी दराने देणे ही शिस्तभंगाची बाब समजण्यात येईल. तेव्हापासून ते चित्र कुणी घेईना. कारवाईच्या भीतीनं कुणी देईनाही.

उत्तमरावांच्या घरी वेगळीच अडचण होती. चहा संपत नव्हता. शेजारी वाटून झाला, लिंबाच्या झाडाला घालून झाला, तरी फडताळ भरलेलंच. शेवटी त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या, "घरात माणसं तीन, अन् तुमी वरातीले पुरतील एवढे पुडे आणून राह्यले. काऊन?"

"पुडे नाही आणत मी. चित्रं आणतो. चहा त्याच्यावर फुकट येते," उत्तमराव म्हणाले. हे उत्तर आपल्याला सुचलं, याचा त्यांना दिवसभर आनंद होता.

आणि मग खामगावच्या बाजारातून आणलेल्या एका पुड्यातून कलेक्टर निघाला. डोक्यावर हॅट, हातात दौऱ्याची काठी, मागं बुलढाण्याचे डोंगर. उत्तमराव नकळत उभे राहिले. तालुक्यात दुसरा कलेक्टर नव्हता. त्यांनी तो दोन टीपकागदांमध्ये घालून लोखंडी पेटीत ठेवला. पेटीत मनकर्णाबाईंचे दागिने होते. ते तुरीच्या डाळीच्या डब्यात गेले.

याच सुमारास उत्तमरावांच्या एकुलत्या मुलीला, अन्नपूर्णाला, नांदुऱ्याचं स्थळ आलं. मुलगा, कारभारी त्याचं नाव, शाळेत मास्तर, आणि त्याचे वडील रंगराव धान्याचे अडते. मुलगी पाहायला आलेला मुलगा सहसा स्वयंपाक येतो का, असं विचारतो. कारभारीनं विचारलं, "तुमाले पुढं शिकाचं आहे का?" अन्नपूर्णा "हाव" म्हणाली आणि तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. पाहुणे गेल्यावर तिनं वडिलांना सरळ सांगितलं, "बाबा, मले हेच मास्तर पसंत आहेत. दुसरं स्थळ पाहू नोका." उत्तमरावांना गलबलून आलं. पोरीनं जन्मात काही मागितलं नव्हतं.

बोलणी करायला रंगराव आले. बैठकीत मध्यस्थ म्हणून हिंमतराव होते. उत्तमरावांनी हळूच देण्याघेण्याचं काढलं, तसे रंगराव कानांवर हात ठेवून म्हणाले, "हुंड्याचं नाव काढू नोका. सरकारनं कायदा केला, अन् आमी सुधारक माणसं. आमाले काई नोको. फक्त कलेक्टर तेवढा मांडवात आला पायजे."

उत्तमराव समजायचं ते समजले होते. तरी न समजल्यासारखं करून म्हणाले, "पत्रिका धाडतो ना मी बुलढाण्याले. पण साहेब दौऱ्यावर असले तर?"

"तुमच्या पेटीतला म्हणून राह्यलो मी. माह्या दप्तरात सारे आहेत, तेवढा एकच नाही."

समितीच्या उद्‌घाटनाला हुंडाबंदीवर भाषण केलेले उत्तमराव घसा खाकरून म्हणाले, "रंगराव, हुंडा घ्या ना. सोनं घ्या. बैलजोडी घ्या."

"कायदा आहे हो."

"कायद्याले पळवाट असते. मी काढून देतो, ते माह्यावर सोडा."

"नाही. मनाले पटत नाही," रंगराव म्हणाले. "तत्त्वाची गोठ आहे. कलेक्टर द्या, नाहीतर सोयरीक राहू द्या."

उत्तमरावांनी विचारासाठी मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत डोकं धरून बसले. हिंमतरावांनी जवळ येऊन समजूत घातली, "पोट्टीले दुसरं स्थळ भेटते, उत्तमराव. असा कलेक्टर कंपनी पुन्हा छापते का?" उत्तमरावांना हिंमतरावांचा भयंकर राग आला. राग यायचं कारण म्हणजे अगदी हेच त्यांनी सकाळी दात घासताना स्वतःशी म्हटलं होतं. आपण एका चहाच्या पुड्यातल्या चित्रासाठी पोटच्या पोरीचं लग्न मोडायला निघालो आहोत, हे त्यांना लख्ख दिसत होतं. लाजही वाटत होती. पण पेटी उघडली की पुन्हा तो कलेक्टर दिसे, आणि लाज मागं सरे.

ते घरी आले तेव्हा अन्नपूर्णा पेटीपाशी बसली होती. तिच्या हातात कलेक्टर होता. तिच्या हाताला काही ओलं लागलेलं नाही ना, हे उत्तमरावांनी आधी पाहिलं. मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती रडत नव्हती.

"चांगला आहे," तिनं चित्र परत टीपकागदात ठेवलं. "मास्तरले नाही म्हणून कळवता का तुमी?"

उत्तमरावांनी पेटी बंद केली. "नाही, नाही," ते म्हणाले, "हो म्हणून कळवतो."

हे आयुष्यातलं आपलं एकमेव शौर्य आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते तीन प्रतींत कुठं नोंदवावं ते कळेना.

लग्न थाटात झालं. कलेक्टरचं हस्तांतर रीतसर पार पडलं. रंगरावांनी चित्र उजेडाकडं धरून चारी कोपरे तपासले, पोच दिली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तोवर ते पाहायला सगळं वऱ्हाड गोळा झालं होतं. नवरी कशी दिसते, हे पाहायला एवढी गर्दी झाली नव्हती.

पाठवणीची वेळ आली. नांदुऱ्याची मोटार दारात उभी राहिली आणि उत्तमरावांना हुंदका फुटला. असा बाप मोताळ्यानं पाहिला नव्हता. बायका एकमेकींना म्हणत होत्या, "बापाचं काळीज हो, शेवटी बापाचं काळीज." मनकर्णाबाईंनाही नवऱ्याबद्दल बऱ्याच वर्षांनी माया दाटून आली. अन्नपूर्णा पाया पडली. उत्तमरावांनी तिला उराशी धरलं आणि ते रडत रडत सांगू लागले, "उन्हात राहू देऊ नोको, माय. रंग उडते. ओल लागू देऊ नोको. कुणी हात लावला तर नजर ठेव. आठवड्यातून एकदा तरी खुशाली कळव."

अन्नपूर्णानं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं वडिलांचे डोळे पुसून ती हळूच म्हणाली, "बाबा, कलेक्टरचं सांगून झालं. आता माह्यासाठी काई सांगा."

उत्तमरावांनी तोंड उघडलं. पण रंगराव मोटारीत चढत होते आणि त्यांच्या कोटाचं बटण उघडं होतं. तिकडून नजर काढावी आणि पोरीकडं पाहावं, म्हणून त्यांनी फार प्रयत्न केला. तोवर अन्नपूर्णाही चढली आणि मोटार हलली.

ही हकीकत आम्ही आजवर पुष्कळांना सांगितली. ऐकून सगळे हसतात, उत्तमरावांना नावं ठेवतात, काय एकेक माणसं असतात म्हणून मान हलवतात. आणि जाता जाता हटकून विचारतात, मग पुढं रंगरावांनी तो कलेक्टर परत दिला का? अन्नपूर्णा पुढं शिकली का, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. कलेक्टर परत दिला नाही. तुम्हीही तेच विचारणार होतात, म्हणून सांगून टाकलं.