दाजीकाकांचं आवतण

दाजीकाका ई-मेल पाठवतात आणि तो पोचला की नाही हे विचारायला चपला घालून घरी येतात. शिरोड्यात त्यांचं घर आमच्या घरापासून चौथं. त्यामुळे आधी मेल येणार की काका, हे त्या दिवशीच्या रेंजवर ठरतं. "मेल धाडलंय. मिळालो मां?" मी म्हणते, बघते नंतर. लगेच ते खुर्ची ओढून घेतात. "बघ सावकाश. मी बसलंय." मी मेल उघडून त्यांच्यादेखत वाचला की मगच ते उठतात, आणि उठता उठता त्यात लिहिलेलं सगळं तोंडानेही सांगून जातात.

काका बंदर खात्यात कारकून होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ऑफिसात संगणक आले. बाकीच्यांनी त्यावर पत्ते खेळून घेतले, काकांनी प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. त्यातून निघाली 'सुकती'. सुकती म्हणजे आमच्याकडे ओहोटी. ही एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमिंगमधली. म्हणजे कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेला कोड, जो बाकीच्यांनी उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये घालायचा. घरोघरी मसाला कुटण्यापेक्षा एकीने कुटून बरणी भरून ठेवावी, तसं. सुकतीला तारीख दिली की ती तिथी सांगते आणि त्या दिवशी पाणी कधी चढेल, कधी उतरेल तेही सांगते. पंचांगाची ॲपं करणारे ती वापरतात, होडीची तिकिटं विकणारे वापरतात. नाव 'भरती' का नाही ठेवलं असं मी एकदा विचारलं होतं. "भरती कोणय सांगात. सुकती सांगणारो व्हयो," म्हणाले.

ही लायब्ररी वापरणारी, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारी पस्तीस-चाळीस माणसं आहेत. ती वर्षातून एकदा ऑनलाइन भेटतात. यंदा काकांनी हट्ट धरला की संमेलन इथेच, समोरासमोर व्हायला हवं. "चौकटीतली तोंडां बघून कंटाळलंय. माणूस पाठीसून कसो दिसता ताय बघूक व्हया." मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. गावात संगणकाचं कळणारी तेवढी मीच, म्हणून निमंत्रकही मीच. मला कुणी विचारलं नाही. अशा कामांत विचारत नाहीत.

तालुक्याच्या कॉलेजने सभागृह द्यायचं कबूल केलं, पण अट घातली: शुक्रवारी पाचपर्यंत निदान आठ सत्रांची यादी हातात हवी. नाहीतर सभागृह पाककला स्पर्धेला जाणार आणि आम्ही परत चौकटीत.

मी दर वर्षीसारखं रीतसर आवाहन लिहिलं. 'सत्रांसाठी प्रस्ताव मागवत आहोत. विषय, दोनशे शब्दांत सारांश, वेळ वीस मिनिटे.' खाली एक फॉर्म. काकांनी ते वाचलं आणि कागदाला वास येत असल्यासारखा लांब धरला.

"ह्यां काय टेंडर आसा?"

"काका, सगळीकडे असंच लिहितात."

"लिवतीत. पण फाटकार कागद चिकटवलो म्हणान कोण जेवूक येता काय? आवतण करूचा लागता. घरात जावन, नाव घेवन."

मग ते फॉर्मच्या मागे लागले. संध्याकाळी उघडून बघते तर तीन प्रश्न वाढलेले: 'तुम्ही मूळचे कुठले?', 'मासे चालतात काय?', 'कोणाकडे उतरणार?' मी ते काढले. सकाळी परत हजर. मी काढले, दुपारी पुन्हा. चौथ्या दिवशी मी हात टेकले. माझ्या ऑफिसची कामं तुंबली होती आणि माशांवरून भांडायचं त्राण अंगात नव्हतं.

पहिला प्रस्ताव आला तो एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. विषय, 'वाचनसंस्कृती: काल, आज आणि उद्या'. लायब्ररीचं संमेलन म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकलं? सोबत दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे भेट. मी नकाराचा मेल लिहायला बसले, तर काकांनी माझा हात धरला. "नकार मेलान देवचो नाय. वायट दिसता." स्वतः रिक्षा करून गुरुजींच्या घरी गेले, दोनदा चहा पिऊन आले आणि गुरुजींना आभारप्रदर्शन देऊन आले. पंधरा मिनिटांचं. गठ्ठे माझ्या ओटीवर येऊन पडले.

दरम्यान काकांनी फोन लावायला घेतले होते. वहीत एकेक नाव, नावापुढे उत्तर. एकोणतीस जणांच्या पुढे लिहिलं होतं 'बघूया म्हणाले'. फॉर्मवर प्रस्ताव होते, गुरुजींचा सोडून, तीन.

"काका, 'बघूया' म्हणजे नाही. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"तो आपल्याकडचो बघूया. ह्यो पुण्याचो आसा. ती लोकां खराच बघतत."

नाही बघितलं त्यांनी. बुधवारपर्यंत तिनाचे तीनच राहिले. तेव्हा काका एकेकाला धरून बसले. वैभववाडीची एक मुलगी आहे, तिने सुकतीतली अधिक महिन्याची चूक शोधली होती. ती म्हणे, माझं काम एवढंसं, त्यावर काय बोलायचं? काकांनी तिला फोनवर तासभर बोलतं केलं. चूक कशी दिसली, आधी कोणाला सांगितलीस, सापडली तेव्हा जेवली होतीस काय. ती बोलत गेली, हे लिहीत गेले, आणि शेवटी तेच तिला वाचून दाखवलं. "बघ गो, दोनशे शब्द झाले. मी एकय घातलंय नाय, सगळे तुझेच." असे त्यांनी चौघांकडून चार प्रस्ताव काढले. काढले म्हणजे नारळ सोलतात तसे काढले. गुरुवारी रात्री यादी सातावर आली.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ती सातावरच होती. काका माझ्याकडे बसून फोन लावत होते. कोणी उचलत नव्हतं, कोणी मीटिंगमध्ये होतं. मला तिकडून ऑफिसचे निरोप येत होते. मी वैतागले.

"काका, तुम्हीच द्या की एक! लायब्ररी तुमची. वीस मिनिटं बोललात तर काय बिघडेल?"

काकांनी वही मिटली. "मी घरचो गो," ते हसून म्हणाले. "घरच्याक आवतण नसता. घरच्यान वाढूचा." आणि जेवायला म्हणून निघून गेले.

मला वाटलं, झालं, विनयाचं नाटक. वयस्कर माणसांना आग्रह करून घ्यायची हौसच असते. मी सातच सत्रांची यादी टाइप करायला घेतली. कॉलेजच्या हातापाया पडू म्हटलं. इन्सुलीच्या एका गृहस्थांच्या सारांशाला शीर्षक नव्हतं, म्हणून काकांनी सारांश ठेवलेलं फोल्डर उघडलं. ते आम्हा दोघांचं सामाईक. त्यात सात फायली असायला हव्या होत्या. आठ होत्या. आठवीचं नाव होतं, 'बोलावल्यानी तर'.

मी ती उघडली. दुसऱ्याची फाईल उघडू नये हे मला कळतं, तरी उघडली.

ते भाषण होतं. काकांनी ते ऑफिसातल्या मराठीत लिहिलं होतं, 'उपस्थित मान्यवर आणि मित्रहो' पासून. मध्ये मध्ये कंसात स्वतःला सूचना मात्र मालवणीत: '(हय थांबूचा. लोक हसतीत.)', '(पाणी पिवचा.)', '(हय लय बोलू नको, पुढचो खोळंबता.)' शेवटच्या दीड पानात एकेका माणसाचं नाव आणि त्याने सुकतीत काय दुरुस्त केलं ते. वैभववाडीची मुलगी होती. मीही होते, एका स्वल्पविरामासाठी.

अशा फाईलची मागची रूपंही साठून राहतात. मी मागे मागे गेले. दर वर्षी ऑनलाइन भेटीच्या आठवडाभर आधी तिच्यात फरक केलेला. नवी माणसं आली की नावं वाढवलेली, आणि पहिल्या परिच्छेदातलं एक वाक्य तेवढं बदललेलं. 'मी बासष्ट वर्षांचा आहे.' 'मी त्रेसष्ट वर्षांचा आहे.' चौसष्ट. पासष्ट. असं करत अडुसष्ट.

सहा वर्षं. सहा वर्षं आम्ही त्यांना सांगत होतो, काका, लिंक पाठवा. काका, अमक्याचा आवाज येत नाही, बघा जरा. आवाहन दर वर्षी मीच लिहीत होते, 'सर्वांनी प्रस्ताव पाठवावेत' म्हणून. सर्वांत ते आलेच, असं मी धरून चालले होते. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या घरात दोन माणसांची भांडी आहेत आणि जेवणारा एक आहे, हे मला बारा वर्षं माहीत आहे. त्या माणसाला कोणी नाव घेऊन बोलवायचं असतं, हे मात्र सुचलं नव्हतं.

मी लॅपटॉप तसाच टाकून गेले. काका बनियनवर, घरापुढच्या खळ्यात आमसुलं उलटीपालटी करत होते. मला बघून म्हणाले, "मिळालो आठवो?"

"नाय. काका, तुमका आवतण करूक इलंय. वीस मिनटां बोलूचा आसा. तुमी येवकच व्हया."

एवढं मालवणी मी एका दमात कित्येक वर्षांत बोलले नव्हते. ते उठून उभे राहिले. हाताला आमसुलांचा लाल रस लागलेला, तो कुठे पुसावा हे त्यांना सुचेना.

"जरा थांब," म्हणाले आणि आत गेले.

चार वाजून गेले होते. यादी पाचला द्यायची होती. आत नळ सोडल्याचा आवाज आला, मग कपाटाचा. काका बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. केस ओले करून विंचरले होते. ओटीवरच्या खुर्चीत ते ताठ बसले आणि समोरची खुर्ची मला दाखवली.

"हां," म्हणाले. "आता सांग."

मी खुर्चीत बसले, आणि त्यांचं पूर्ण नाव घेऊन पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.